थिबाची समाधी आणि योगायोगाचा मोह

दिल्लीचा शेवटचा बादशहा रंगूनला मेला आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा रत्नागिरीला मेला, ही गोष्ट आपल्याकडे बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. सांगायला ती फार सोपी आहे. एका साम्राज्याने दोन राजे पदच्युत केले, इकडचा तिकडे नेऊन ठेवला आणि तिकडचा इकडे. दोघेही परक्या मातीत मिळाले. एवढे सांगून झाले की सांगणारा क्षणभर थांबतो, ऐकणारा दैवगतीबद्दल दोन शब्द बोलतो आणि विषय संपतो.

रत्नागिरीकरांना या गोष्टीत आणखी एक धागा गुंफता येतो, आणि तोही खराच आहे. लोकमान्य टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले. १९०८ साली राजद्रोहाच्या शिक्षेवर त्यांना मंडालेस नेले आणि १९१४ च्या जूनमध्ये सोडून देईपर्यंत तेथील तुरुंगात ठेवले. तो तुरुंग थिबाच्या जुन्या राजनगरीच्या तटबंदीच्या आतच होता. म्हणजे सहा वर्षे रत्नागिरीचा पुत्र मंडालेच्या राजाच्या कोटात बंदिवान होता आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. एकाने त्या कोठडीत 'गीतारहस्य' लिहिले. दुसऱ्याने येथल्या टेकडीवरून समुद्र पाहिला.

योगायोग खरे आहेत आणि हृद्यही आहेत. परंतु एखादी गोष्ट फार सुबक जुळून आली की तिच्या सुबकपणाचेच समाधान मनाला पुरते आणि तिच्या आत असलेल्या माणसाकडे पाहावयाचे राहून जाते. थिबाच्या बाबतीत नेमके असे झाले आहे. त्याच्याविषयी बोलताना आपण बहादूरशहाचे नाव घेतो, टिळकांचे घेतो. त्याच्या समाधीचे काय झाले, ती कोणी बांधली, का बांधली आणि तिच्याकडे कोणी का फिरकत नाही, हे प्रश्न आपल्याला सुचत नाहीत. योगायोगाची ही आवड म्हणजे उपेक्षेचाच एक सभ्य प्रकार आहे, असे मला वाटते. या लेखात त्या समाधीचा इतिहास आणि तिच्याविषयी झालेले लेखन या दोहोंचा विचार एकत्र करावयाचा आहे. कारण दगडाची उपेक्षा आणि शब्दांतली उपेक्षा येथे हातात हात घालून चालली आहे.

प्रथम हकिगत. थिबा १८५९ च्या पहिल्या दिवशी जन्मला. त्याचा बाप मिंडॉन हा ब्रह्मदेशाच्या कोनबाउंग घराण्यातील मोठा राजा. मंडाले शहर त्याने वसवले, १८७१ साली बौद्ध धर्माची पाचवी संगीती भरवली आणि संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. त्या शिळा आजही मंडालेस उभ्या आहेत. थिबा हा त्याच्या अनेक मुलांपैकी एक. राज्याचा वारस म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. विहारात राहून धर्मग्रंथांचा अभ्यास करणारा आणि त्या परीक्षेत नाव मिळवलेला राजपुत्र एवढीच त्याची ख्याती. १८७८ साली मिंडॉन वारला तेव्हा राणीवशातील कारस्थानी मंडळींना असाच मऊ मुलगा गादीवर हवा होता. थिबा राजा झाला. सुपयालत ही त्याची पट्टराणी झाली. पुढच्याच वर्षी गादीचे हक्कदार ठरू शकतील असे राजघराण्यातले ऐंशीच्या आसपास जीव, त्यांत स्त्रिया आणि मुलेही आली, राजवाड्यात मारले गेले. हुकूम कोणाच्या तोंडचा, राजाचा की सासूचा आणि मंत्र्यांचा, याबद्दल वाद आहे. परंतु ते त्याच्या राज्यात घडले, यात वाद नाही. थिबाविषयी गहिवरून लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट गाळू नये. ज्याच्याविषयी करुणा वाटते तो निर्दोष असलाच पाहिजे, अशी अट करुणेला नसते.

त्याचे राज्य गेले ते मात्र या पापामुळे नव्हे. ते गेले सागवानामुळे. ब्रह्मदेशातले साग तोडण्याचा मक्ता बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईत १८६३ साली निघालेल्या कंपनीकडे होता. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेल्याचा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने १८८५ साली कंपनीला सुमारे तेवीस लाख रुपये दंड केला. फ्रेंचांचे वजन दरबारात वाढत असल्याची धास्ती इंग्रजांना होतीच. त्यांना निमित्त मिळाले. नोव्हेंबरात फौज इरावतीतून वर चढली आणि दोन आठवड्यांत सारे आटोपले. २९ नोव्हेंबरला राजाराणीला बैलांच्या गाडीतून नदीकाठी आणून आगबोटीवर चढवले. पदच्युत झाला तेव्हा थिबा सव्वीस वर्षांचा होता. १८८६ च्या पहिल्या तारखेला ब्रह्मदेश इंग्रजी राज्यात सामील झाल्याचे जाहीर झाले. तो नेमका थिबाचा सत्ताविसावा वाढदिवस होता. काही महिने मद्रासेस ठेवून त्याच वर्षीच्या एप्रिलात त्याला रत्नागिरीस आणले.

रत्नागिरीच का, याचे उत्तर कोकणात राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पुढे समुद्र, मागे सह्याद्री, रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात आगबोटीही बंद. कैदी पळून जाण्याची भीती नाही आणि त्याला भेटायला कोणी सहज येण्याची सोय नाही. थिबा येथे तीस वर्षे राहिला. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला लाल विटांचा वाडा तयार झाला. तोच आजचा 'थिबा पॅलेस'. १५ डिसेंबर १९१६ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, तो येथेच वारला.

येथपर्यंतची हकिगत पुष्कळांना माहीत असते. माझ्या मते खरी हकिगत येथून पुढे सुरू होते. धाकटी राणी सुपयागले ही थिबाच्या आधी, १९१२ साली, रत्नागिरीतच वारली होती. तिचे शव मायदेशी नेता येईल या आशेने ठेवून दिले होते. आता राजाचेही तसेच ठेवले गेले. सुपयालतचे म्हणणे साधे होते: राजाला त्याच्या देशात न्यावे. त्याच्या बापाची कबर मंडालेच्या राजवाड्याच्या आवारात आहे. मुलाची जागाही तेथेच. सरकारला हे मान्य होणे शक्य नव्हते. राजाचा देह मंडालेस गेला असता तर त्याच्या मागून किती लोक चालले असते, याचा हिशेब सरकारने मनाशी केलेला असणार. जिवंतपणी ज्याला कोणी विचारीत नव्हते तो मेल्यावर जड झाला! दोन वर्षांहून अधिक काळ शवपेट्या वाड्याच्या आवारात राहिल्या. राणी हट्ट सोडीना, सरकार परवानगी देईना. अखेर १९१९ च्या मार्चमध्ये राणीच्या मनाविरुद्ध दोन्ही शवे रत्नागिरीत पुरली गेली, आणि लवकरच सुपयालतला ब्रह्मदेशी परतण्याची मोकळीक मिळाली. ती रंगूनला राहिली. १९२५ साली ती वारली, आणि तिचीही कबर मंडालेत नव्हे, रंगूनला श्वेडगॉन पॅगोडाच्या जवळ झाली. सासरा मंडालेत, सून रंगूनमध्ये आणि मुलगा रत्नागिरीत, अशी त्या घराण्याची दहनभूमी म्हणा, दफनभूमी म्हणा, तीन ठिकाणी विखुरली.

रत्नागिरीची समाधी समजून घ्यावयाची तर ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ती वारसांनी श्रद्धेने बांधलेली नाही. ती तुरुंगाधिकाऱ्याने आपले काम पुरे करण्यासाठी बांधलेली आहे. ज्याला पुरले त्याची ती इच्छा नव्हती, ज्यांनी शोक करावयाचा त्यांना ती जागा नको होती, आणि ज्या गावात ती उभी राहिली त्या गावाला कोणी विचारले नव्हते. स्मारक उभे राहते तेव्हा त्याच्यामागे कोणाची तरी 'हे टिकावे' अशी इच्छा असते. येथे तशी इच्छा कोणाचीच नव्हती. उपेक्षा ही या समाधीच्या वाट्याला नंतर आलेली आपत्ती नव्हे. ती तिच्या पायातच घातलेली आहे.

आता बहादूरशहाकडे वळू. कारण ज्या जुळणीने आपण मोहून जातो ती येथेच विस्कटते. १८५८ साली खटला होऊन बहादूरशहा रंगूनला गेला आणि ७ नोव्हेंबर १८६२ रोजी वारला. इंग्रजांनी त्याला त्याच दिवशी पुरले, आणि असे पुरले की गवत वाढून जागा ओळखू येऊ नये. त्यांचा बेत साधला. पुढे लोकांनी मागणी केल्यावर १९०७ साली 'येथेच जवळपास' अशा अर्थाची एक शिळा बसवावी लागली, इतकी ती जागा हरवली होती. खरी कबर सापडली ती १९९१ साली, मजूर खणीत असताना. म्हणजे बहादूरशहाची कबर सव्वाशे वर्षांवर कोणाला नक्की ठाऊकच नव्हती. थिबाची कबर मात्र सरकारनेच बांधलेली, उघड्यावर असलेली.

तरी पाहा काय झाले. ज्याची कबर हरवली त्याच्या नावाने रंगूनला दर्गा झाला. लोक तेथे फुले वाहतात, फातिहा वाचतात, नवस बोलतात. दिल्लीच्या बादशहाचा रंगूनच्या मुसलमानांनी पीर केला. १९४३ साली सुभाषबाबूंनी तेथे जाऊन मानवंदना दिली. २०१२ साली मनमोहन सिंग आणि २०१७ साली नरेंद्र मोदी असे भारताचे पंतप्रधानही तेथे जाऊन आले. आणि ज्याची कबर कधीच हरवली नव्हती तो रत्नागिरीत विस्मृतीत पडला. गावाची वस्ती वाढत वाढत समाधीच्या भोवती आली. दर पावसाळ्यात शेवाळ चढले, गवत माजले. राजवाडा पुरातत्त्व खात्याकडे आला, त्यात संग्रहालय झाले. खाडीकडे पाहणाऱ्या टेकडीच्या कड्याला 'थिबा पॉइंट' नाव मिळाले आणि तेथून सूर्यास्त पाहण्याची चाल पडली. सहलीला आलेले कुटुंब वाडा पाहते, सूर्यास्त पाहते, आंबापोळी विकत घेते. समाधीकडे जाणारा विरळा.

हा फरक कशाने पडला? रत्नागिरीची माणसे कृतघ्न आणि रंगूनची श्रद्धाळू, असे तर कोणी म्हणणार नाही. फरक असा की रंगूनला बहादूरशहाच्या धर्माचे, त्याची भाषा समजणारे, हिंदुस्थानातून गेलेले हजारो लोक राहत होते. मेलेल्यासाठी काय करावयाचे असते, हे त्यांना ठाऊक होते: कोणती प्रार्थना म्हणावी, कोणत्या दिवशी जमावे, चादर कशी घालावी. रत्नागिरीत थिबाचे असे कोणी नव्हते. येथल्या हिंदूला श्राद्ध ठाऊक, मुसलमानाला उरूस ठाऊक. ब्रह्मी बौद्ध राजासाठी काय करावयाचे, हे १९१९ सालच्या रत्नागिरीत कोण सांगणार होते? माणूस आठवणीने जगत नाही, आचाराने जगतो. नुसती आठवण दोन पिढ्यांत विरते. तिथीला लावलेला दिवा पुष्कळ पिढ्या टिकतो, मग लावणाऱ्याला त्यामागची कथा सांगता येवो वा न येवो.

ही अडचण भाषेतसुद्धा दिसते. या वास्तूला काय म्हणावे, हे मराठीला नक्की ठरवता आलेले नाही. कोणी 'थिबाची कबर' म्हणतो, कोणी 'थडगे', बहुतेक जण 'समाधी'. कबर म्हटले की मुसलमानी, थडगे म्हटले की थोडे तुच्छतेचे, आणि समाधी म्हटले की साधुपुरुषाची वा छत्रपतींची. मी या लेखात 'समाधी' हा शब्द वापरला, कारण रत्नागिरीच्या सामान्य माणसाच्या तोंडी तोच आहे, आणि त्या शब्दात नकळत का होईना, एक आदर आहे. पण शब्द दिला की शब्दामागचे कर्तव्यही आले, हे आपण विसरलो.

आता थिबाविषयीच्या ग्रंथांकडे पाहू. मराठीतही त्याच्यावर लेखन झाले आहे. परंतु त्याचे जे चित्र आज जगभर रूढ आहे ते प्रामुख्याने चार इंग्रजी पुस्तकांनी घडवले, म्हणून त्यांचाच विचार येथे करतो.

पहिले फील्डिंग हॉल यांचे 'थिबॉज् क्वीन'. ते १८९९ साली, राजाराणी रत्नागिरीत असतानाच प्रसिद्ध झाले. मंडालेच्या राजवाड्यात वावरलेल्या बायकांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी त्याने सांगितल्या आहेत. इंग्रजी वर्तमानपत्रांनी सुपयालतची जी राक्षसीण केली होती तिला या पुस्तकाने माणूस केले, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याचे डोळे गेलेल्या वैभवावर खिळलेले आहेत. रत्नागिरीतले कंटाळवाणे दिवस त्याच्या दृष्टीने कथेच्या बाहेरचे.

दुसरे डब्ल्यू. एस. देसाई यांचे, १९६७ साली निघालेले. हे गृहस्थ रंगूनच्या विद्यापीठात इतिहास शिकवीत. त्यांनी सरकारी दप्तर तपासून थिबाच्या हिंदुस्थानातील तीस वर्षांचा वृत्तांत रचला. पुस्तक कोरडे आहे. पगारपत्रके, कर्जे, अर्ज, त्यांवरचे शेरे असा मजकूर. तरी मला हे पुस्तक आदरणीय वाटते, आणि ते त्याच्या कोरडेपणामुळेच. कैदेतले आयुष्य बव्हंशी असेच असते: आज कशासाठी अर्ज करावयाचा आणि त्याचे उत्तर कधी येणार. राजाचा अर्जदार कसा होत गेला, हे देसाई न सांगता दाखवतात. उणीव इतकीच की दप्तर जेथे संपते तेथे पुस्तकही संपते. आणि माणूस पुरला की दप्तर बंद होते.

तिसरी अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी, २००० सालची. थिबाचे नाव जगभरच्या वाचकांपर्यंत पोचवले ते हिने. मंडालेचा पाडाव, लुटायला राजवाड्यात शिरलेली प्रजा, आणि मग रत्नागिरीच्या टेकडीवरून दुर्बीण लावून गलबते न्याहाळणारा राजा, ही चित्रे मनातून जात नाहीत. कादंबरीकाराची ताकद निर्विवाद आहे. परंतु कादंबरीला आपल्या माणसांच्या मागे जावे लागते. तिचा नायक राजकुमार आणि नायिका डॉली यांच्याबरोबर ती रत्नागिरी सोडून रंगूनला जाते, मलायातल्या रबराच्या मळ्यांत जाते, महायुद्धात शिरते. थिबा तिच्या दृष्टीने एका युगाच्या अस्ताची खूण आहे. खूण म्हणून तो इतका परिणामकारक ठरला की पुढे लिहिणाऱ्या पुष्कळांनी त्याला तसाच उचलला: बाल्कनी, दुर्बीण, समुद्र. वाचकांच्या मनात तो त्या बाल्कनीतून खाली उतरलाच नाही. मग समाधीपर्यंत कोठून पोचणार? हा दोष घोष यांचा नव्हे. एका चांगल्या चित्रावर समाधान मानून थांबणाऱ्या आपणा वाचकांचा आहे.

चौथे सुधा शहा यांचे 'द किंग इन एक्झाइल', २०१२ सालचे. या चौघांत हेच पुस्तक मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण शहाबाईंनी राजाच्या मरणाशी लेखणी खाली ठेवली नाही. चार राजकन्यांचे पुढे काय झाले, त्यांच्या मुलांचे काय झाले, याचा त्यांनी घरोघर माग काढला. शवपेट्यांची परवड वाचावी तर त्यांच्याच पुस्तकात. भाषेचा डौल त्यात नाही, पण जिव्हाळा आहे, आणि त्या जिव्हाळ्याला कष्टांची जोड आहे. पराभूत घराण्याचा इतिहास पराभवाच्या दिवशी संपत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली.

त्या इतिहासाचा सर्वांत हृदयस्पर्शी भाग रत्नागिरीतच घडला. थोरल्या राजकन्येला वाड्यावरच्या एका मराठी नोकरापासून मुलगी झाली. १९१९ साली ती आईबरोबर ब्रह्मदेशी गेली. परंतु लवकरच लेकीला घेऊन रत्नागिरीस परतली आणि १९४७ साली येथेच, हलाखीत वारली. तिची मुलगी मराठी बोलत, मराठी संसार करीत, गरिबीत येथेच राहिली आणि २००० साली गेली. मिंडॉन राजाची पणती शेण्या थापून विकीत असे, असे तिच्याविषयी लिहिले गेले आहे. राजाच्या समाधीला वारस नाही, असे आपण म्हणतो तेव्हा आपण किती बेफिकीरपणे बोलतो ते पाहा. वारस गावातच होता. तो वारस आहे हे आपल्या लेखी नव्हते. समाधीची उपेक्षा आणि त्या बाईची उपेक्षा या दोन गोष्टी नव्हेत. बाल्कनीतल्या राजाची गोष्ट सांगणाऱ्या गावाला त्याच्या नातीच्या घराची पडझड दिसू नये, यालाच मी योगायोगाचा मोह म्हणतो.

अलीकडे समाधीला पाहुणे येऊ लागले आहेत. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस येऊन गेले. २०१६ साली थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा तेथील उपाध्यक्ष म्यिंट स्वे, सेनापती मिन आँग लाइंग, भिक्षू आणि राजाचे वंशज असे सारे समाधीपाशी जमले. शंभर वर्षांनी का होईना, राजासाठी त्याच्या भाषेतली प्रार्थना झाली. वंशजांच्या डोळ्यांतले पाणी खोटे कोण म्हणेल? पण त्याच समारंभात हात जोडून उभ्या असलेल्या सेनापतीने २०२१ च्या फेब्रुवारीत आपल्या देशातील निवडून आलेले सरकार उलथून सत्ता हातात घेतली, आणि म्यिंट स्वे त्या राजवटीचे हंगामी अध्यक्ष झाले, हेही नमूद केले पाहिजे. मेलेला राजा कोणाचेही वंदन नाकारू शकत नाही. ज्या समाधीची रोजची देखभाल करणारे कोणी नसते, ती सत्ताधाऱ्यांच्या हाती फार सहज लागते. तिच्याभोवती गावाची स्वतःची अशी वर्दळ असली, तर शंभर वर्षांनी येणारा पुष्पहार हा अनेक हारांपैकी एक ठरतो. ती वर्दळ नसली, तर तोच एकटा इतिहास होऊन बसतो.

राजाचे अवशेष मायदेशी न्यावेत, असा विचारही त्याच्या वंशजांत आणि देशबांधवांत अधूनमधून बोलला जातो. सुपयालतची इच्छा आठवली म्हणजे तो अगदी न्याय्य वाटतो. निर्णय त्यांचा आहे. आपण त्यात 'रत्नागिरीचे आकर्षण जाईल' असला व्यापारी सूर लावू नये. परंतु तो दिवस येईपर्यंत ती समाधी आपल्याकडे ठेव आहे. ठेव कोणी न विचारता दारात आणून टाकली असली, तरी ती सांभाळावी लागते. आणि परत मागितली जाईल तेव्हा सांभाळली होती, असे म्हणता आले पाहिजे.

१९१९ साली रत्नागिरीत या राजासाठी काय करावे, हे सांगणारे कोणी नव्हते, असे मी वर म्हटले. आज तशी स्थिती नाही. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे याच रत्नागिरी जिल्ह्यातले. १९५४ साली ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. १९५६ साली नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली, आणि त्यांच्यामागून कोकणातली गावेच्या गावे त्या मार्गाने गेली. त्रिशरण आणि पंचशील ज्या पाली भाषेत मंडालेस म्हटले जाते, त्याच भाषेत ते आज रत्नागिरीत म्हटले जाते. ज्याच्या बापाने त्रिपिटक दगडावर कोरून घेतले आणि ज्याने स्वतः त्याचे अध्ययन केले, त्या राजाला रत्नागिरीत धर्मबांधव मिळाले आहेत. फक्त तो मरून गेल्यावर चाळीस वर्षांनी. ही जुळणीही योगायोगच, पण हिच्यातून काही करता येते, एवढा तिचा वेगळेपणा.

करावयाचे तेही फार नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर समाधी स्वच्छ व्हावी. तेथे मराठीत, ब्रह्मी भाषेत आणि इंग्रजीत एक फलक असावा, आणि त्यावर खरे लिहावे: की हा राजा येथे आपल्या इच्छेने आला नव्हता, की त्याच्या राज्यात त्याच्याच आप्तांची हत्या झाली, की एका मुंबईच्या कंपनीच्या सागवानापायी त्याचे राज्य गेले, की त्याच्या राणीला त्याला घरी न्यावयाचे होते आणि तिला नेऊ दिले नाही. सहलीला येणाऱ्या शाळांनी वाडा दाखवताना मुलांना तेथवर चालवत न्यावे. वाडा पाहून मुलांना राजा कळतो. समाधी पाहून कैद कळते.

आणि एक गोष्ट या सणाच्या अंकात सांगणे अस्थानी होणार नाही. ब्रह्मदेशात आपल्या आश्विन पौर्णिमेच्या सुमारास दिव्यांचा सण असतो. भिक्षूंचा वर्षावास संपतो आणि घराघरावर, विहाराविहारावर दिवे लागतात. पंधरवड्याने आपली दिवाळी येते. धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे तोंड करून एक दिवा लावतो, तो मरणाच्या देवतेसाठी. त्या दिव्यात आपले-परके असे काही नसते. या दोन सणांच्या मधल्या पंधरा दिवसांत रत्नागिरीच्या कोणा घराने एक पणती त्या समाधीवर नेऊन ठेवली, तर त्यासाठी नवा धर्म शिकावा लागणार नाही की सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या घराने ठेवावी. अशी काही वर्षे गेली की तो रत्नागिरीचा रिवाज होईल, आणि मग कोणी लिहो वा न लिहो, थिबाची समाधी कोणाची तरी असेल.